लक्ष नव्हतं, असं लिहिलंय

माझ्या धाकट्या भावाची बायको सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्याकडे इंग्रजी शिकायला आली. मी वयाने मोठी, तेव्हा तिला नावाने हाक मारली असती तरी चाललं असतं. पण ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात काम करते, माझा भाऊ तिथेच बॉयलरवर आहे, आणि त्याच्यामुळे तिथे झाडून सगळे तिला वहिनी म्हणतात. ते ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली. ती मला वन्सं म्हणते.

"वन्सं, मला भारी इंग्रजी शिकवा," ती म्हणाली. दुपारचे चार वाजले होते. सकाळची पाळी संपवून ती थेट आली होती. अंगाला साबणाचा आणि वाफेचा वास होता आणि हातात नवीकोरी दोनशे पानी वही.

"भारी म्हणजे?"

"तुमच्या ऑफिसातलं. वाचलं की माणूस उठून उभा राहील असं."

धुलाईघरात सुपरवायझरची जागा निघणार होती. काम तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कुठल्या वॉर्डाच्या चादरी किती गरम पाण्यात टाकायच्या, कोणतं मशीन कुठल्या दिवशी रुसतं, हे तिला तोंडपाठ होतं. पण सुपरवायझरला रोज इंग्रजीत रिपोर्ट लिहावा लागतो. वहिनी बारावी झालेली. इंग्रजी वाचता यायचं, पण लिहायला बसली की 'रोलर नॉट वर्किंग प्लीज डू' याच्या पुढे गाडी जायची नाही.

मी एकतीस वर्षं एका विमा कंपनीत स्टेनो होते. साहेब हातवारे करत काहीतरी घोळात सांगायचे, मी ते नीट इंग्रजीत बसवायचे. पत्र कडक हवं पण उद्धट नको, नकार हवा पण नाही हा शब्द नको, यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ती सगळी वाक्यं डोक्यात नुसती पडून होती. कुणीतरी ती मागायला आलं याचा मला किती आनंद झाला, ते मी तेव्हा तिला कळू दिलं नाही.

मग आठवड्यातले चार दिवस माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. मी शब्द द्यायचे, ती अर्थ लिहायची, पण शब्दकोशातला नाही, स्वतःचा. 'रेसिड्यू' या शब्दापुढे तिने लिहिलं, तीनदा धुऊनही राहतो तो. 'रिलक्टंट', म्हणजे नाखूष, यापुढे लिहिलं, सोमवारी सकाळी शिडी. शिडी ही तिच्याबरोबर काम करणारी एक उंच, सडपातळ बाई. वरच्या फळीवरचे गठ्ठे तिला स्टुलाशिवाय काढता यायचे, म्हणून ते नाव पडलं आणि तिनेही ते लावून घेतलं. वहिनीच्या बोलण्यात ती सारखी यायची. शिडी अशी म्हणाली, शिडीने आज सगळ्यांना हसवून बेजार केलं.

'डिस्क्रेपन्सी', म्हणजे तफावत, हा शब्द वहिनीला फार आवडला. धुवायला आलेले उशांचे अभ्रे आणि परत गेलेले अभ्रे कधीच जुळत नसत. त्यावरून वॉर्डच्या नर्सशी वर्षानुवर्षं भांडण चालू होतं. वहिनीने एक दिवस भांडण न करता चिठ्ठीवर हा शब्द लिहून पाठवला. नर्स स्वतः खाली आली आणि गुपचूप अठरा अभ्रे ठेवून गेली.

"शब्दात दम आहे," वहिनी मला म्हणाली.

माझा भाऊ तिला संध्याकाळी घ्यायला यायचा आणि दारात उभा राहून ऐकायचा. एकदा मी तिच्याकडून 'इनॲडव्हर्टंटली' घोटून घेत होते. म्हणजे नकळत, अनवधानाने.

"या शब्दात श्वास कुठं घ्यायचा?" त्याने विचारलं.

"शब्द संपल्यावर," वहिनी म्हणाली, आणि न अडखळता पुन्हा म्हणून दाखवला.

सहा महिन्यांत ती तयार झाली. हुशार तर होतीच. माझी वाक्यं तिने अशी उचलली की कधीकधी मलाच ओळखू येत नसत. आमच्या निदर्शनास आले आहे की. असे आढळून आले. योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. हे सगळं ती इंग्रजीत सुतासारखं सरळ लिहू लागली. धुलाईघराच्या साहेबांनी तिला तीन महिन्यांसाठी तात्पुरती सुपरवायझर केलं. पहिला रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "वहिनी, हे कुणाकडून लिहून आणलंत?" तिने उभ्या उभ्या त्यांच्यासमोर दुसरा लिहून दाखवला.

ते तीन महिने संपत आले असताना अपघात झाला.

धुलाईघरात चादरींना इस्त्री करायचं मोठं मशीन असतं. दोन बायका एका बाजूने ओली चादर ताणून रोलरखाली सरकवतात, पलीकडे ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडते. रोलरच्या तोंडाशी एक दांडी असते. बोटं जास्त आत गेली की दांडीला लागतात आणि मशीन जागच्या जागी थांबतं. त्या मंगळवारी अकराच्या सुमारास शिडीचा उजवा हात रोलरखाली गेला आणि मशीन थांबलं नाही. पलीकडच्या बाईने धावत जाऊन मोठं बटण बंद केलं. हॉस्पिटलच तिथे, म्हणून दहा मिनिटांत शिडी वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर होती. हात वाचला. तीन बोटांचं काय होईल ते सांगता येत नव्हतं.

वहिनी त्या दिवशी चारला आली नाही, सहाला आली. चेहरा पांढराफटक. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "उद्या सकाळी रिपोर्ट द्यायचाय. साहेब म्हणाले, चांगला लिहा, वरपर्यंत जाणार आहे."

मी तिला आधी चहा दिला. मग विचारलं, "दांडी का नाही चालली?"

"तारेनं बांधलेली होती."

"कुणी बांधली?"

ती उठली आणि कपबशी विसळायला लागली. नळ बराच वेळ चालू राहिला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांदा न विचारता काम केलं होतं. साहेब जेवढं सांगतील तेवढं सुबक करून द्यायचं, हीच माझी हुशारी.

"साहेब काय म्हणाले, काय लिहायचं?" मी विचारलं.

"म्हणाले, ऑपरेटरचं लक्ष नव्हतं असं दिसतंय."

मग आम्ही दोघी बसलो. खरं तर मीच बसले. ती फक्त लिहून घेत होती. मी तिला असं वाक्य दिलं की ऑपरेटरच्या बाजूने क्षणिक अनवधान झाल्यामुळे सदर दुर्दैवी घटना घडली. दांडीविषयी एकच ओळ दिली, सुरक्षा दांडी कार्यरत नसल्याचे आढळून आले. इंग्रजीत ही वाक्यं फार छान वाटतात. कुणाचा आवाज चढत नाही, कुणाकडे बोट जात नाही. मी ती दोनदा मोठ्याने वाचली, एक स्वल्पविराम हलवला, आणि मला बरं वाटलं. एवढ्या वाईट दिवशी मला बरं वाटलं, हे मी आज लिहिते आहे कारण ते खरं आहे.

रिपोर्टचं कौतुक झालं. साहेबांनी वहिनीला सांगितलं, सुपरवायझरची जागा आता तुमचीच समजा. वहिनीने ही बातमी मला सांगितली ती वहीत बघत. मी पेढे मिळाल्यासारखं तोंड करून बसले होते, आणि तिला काही गोड लागत नव्हतं हे मला दिसत होतं. ती शिकवणीला येत राहिली, पण नवे शब्द मागेना.

तीन आठवड्यांनी एका दुपारी आम्ही टेबलाशी बसलेलो असताना दार वाजलं. दारात शिडी. मी तिला प्रथमच पाहत होते, पण चौकटीला डोकं टेकेल अशी उंची बघून ओळखलं. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, डाव्या खांद्यावर पिशवी.

"वहिनी, तुमच्या घरी गेले होते. भाऊ म्हणाले, इकडं असाल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही इंग्रजीतल्या मोठ्या आहात म्हणे. हे एक पत्र आलंय मला. घरात कुणाला धड लागत नाही."

तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि डाव्या हाताने चाचपडत पाकीट काढलं. मी चष्मा लावला. हॉस्पिटलचं ताकीदपत्र होतं. कामातल्या निष्काळजीपणाबद्दल तिला समज देण्यात येत होती, यापुढे मशीनवर काम देता येणार नाही असं कळवण्यात येत होतं, आणि खाली सही करून एक प्रत परत मागितली होती.

दुसऱ्या परिच्छेदात माझं वाक्य होतं. जसंच्या तसं. मी हलवलेला स्वल्पविरामसुद्धा.

"काय लिहिलंय?" शिडीने विचारलं.

मी चष्मा काढून पुसायला लागले. वहिनी म्हणाली, "तुझं लक्ष नव्हतं, असं लिहिलंय."

"कुणी लिहिलं असं?"

"मी."

शिडीने वहिनीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या वहीकडे. मग अगदी साध्या आवाजात, जणू काम समजावून सांगावं तसं, म्हणाली, "लक्ष होतं माझं. चादरीचा कोपरा दुमडला होता, तो मी सरळ करत होते. दुमडून गेली तर घडी करपते. नेहमी करतो आपण तसं. दांडी लागली की थांबतंच ना ते. म्हणून तर घातला हात."

"दांडी बांधलेली होती," वहिनी म्हणाली.

"ते आता कळलं. मी वीस दिवस रजेवर होते. मंगळवारी पहिला दिवस माझा. मला कुणी सांगितलंच नाही."

वहिनी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "दांडी मीच बांधायला लावली. जाड चादरी आल्या की ती सारखी लागायची, मशीन सारखं थांबायचं, दोन वॉर्डांचे कपडे रोज मागे पडायचे. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, बघा तुमच्या पातळीवर. मी मिस्त्रीला तार आणायला सांगितली. बाकीच्या बायकांना एकेकीला बजावलं. तू रजेवरून आलीस त्या दिवशी सकाळी मी ऑफिसात रिपोर्ट लिहीत होते. तुला सांगायचं राहून गेलं."

मला वाटलं, आता शिडी ओरडेल, रडेल, निदान उठून तरी जाईल. तिने पाणी मागितलं. मी दिलेला पेला डाव्या हाताने सावकाश पूर्ण प्यायली.

"बोटांचं जे झालं ते झालं," ती म्हणाली. "पण वॉर्डबॉयपासून सगळे मला विचारतात, कुठं बघत होतीस. घरात सासूबाई पण तेच म्हणतात. आणि मलाच वाटायला लागलं होतं, की खरंच मी कुठंतरी बघत असणार. रोज रात्री आठवून बघते, मी कुठं बघत होते. मी कोपऱ्याकडं बघत होते, वहिनी."

तिने पत्र पाकिटात घातलं. ते एका हाताने नीट जाईना. वहिनी मदतीला पुढे झाली तशी तिने हात मागे घेतला आणि पाकीट माझ्यापुढे धरलं. मी पत्र आत सरकवून दिलं, पिशवीचा बंद तिच्या खांद्यावर चढवला आणि ती गेली.

दार लागल्यावर मी म्हणाले, "आपण दुसरं लिहू. 'सुधारित अहवाल' असं शीर्षक देऊ. त्यात म्हणू की अधिक माहिती प्राप्त झाल्यानंतर..."

"वन्सं, तुम्ही बसा," वहिनी म्हणाली. "मी लिहिते."

ती तासभर लिहीत होती. खोडत होती, पुन्हा लिहीत होती. मी कणीक मळली, कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. शेवटी तिने कागद माझ्याकडे सरकवला. चौदा वाक्यं होती, सगळी आखूड. इतके महिने शिकवलेला एकही शब्द त्यात नव्हता. मी मिस्त्रीला दांडी बांधायला सांगितली. मी आधी साहेबांना विचारलं, ते म्हणाले तुमच्या पातळीवर बघा. ती रजेवर होती. मी तिला सांगितलं नाही. ती चादरीचा कोपरा सरळ करत होती. तिचं लक्ष कामावर होतं. माझा पहिला रिपोर्ट खोटा आहे.

माझा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. 'खोटा' च्या जागी 'अपूर्ण' सुचवावं असं मनात आलंच होतं. वहिनीने ते बरोबर ओळखलं.

"ए, ॲन, द जे काय राहिलं असेल ते घाला," ती म्हणाली. "स्पेलिंग बघा. पण माणसं जिथं आहेत तिथंच राहू देत."

मी पाच ठिकाणी 'द' घातला, दोन स्पेलिंगं सुधारली, आणि कागद परत केला. तेवढीच माझी कामगिरी.

"जागा जाईल," मी म्हणाले.

"जाईल."

"नोकरीसुद्धा जाईल एखादे वेळी."

"ते भावाला तुमच्या मी सांगितलंय," ती म्हणाली. म्हणजे तिने हे आजच ठरवलेलं नव्हतं. शिडी आली नसती तरी तिने लिहिलं असतं का? मी तिला विचारलं नाही, आणि या वेळी न विचारण्याचं कारण वेगळं होतं. उत्तर तिलाही ठाऊक नसावं असं मला वाटलं.

साहेबांनी तो कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, "हे काय इंग्रजी आहे? तुम्ही तर किती छान लिहायचात." मग आवाज खाली आणून म्हणाले की फाइल बंद झाली आहे, उगाच ओढवून घेऊ नका. वहिनीने त्यांच्या टेबलावरून कागद उचलला, वरच्या मजल्यावर गेली आणि हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. बाईंनी उभ्यानेच वाचला. वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दांडी अजून बांधलेलीच आहे?"

ती सोडली होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच मिस्त्रीने गुपचूप तार काढली होती.

महिनाभर चौकशी चालली. मिस्त्रीने आधी काखा वर केल्या, मग वहिनीने लिहिलंय म्हटल्यावर खरं ते सांगितलं. शिडीचं ताकीदपत्र मागे घेतलं गेलं, आणि मागे घेतल्याचं पत्र बाईंनी तिला मराठीत दिलं. साहेबांची बदली औषधांच्या गोदामावर झाली. तिथे ते सुखात असल्याचं माझा भाऊ सांगतो. वहिनीला लेखी ठपका मिळाला, सुपरवायझरची जागा बाहेरून आलेल्या एका माणसाला मिळाली, आणि वहिनी पुन्हा रोलरवर चादरी सरकवायला लागली. त्या माणसाचं इंग्रजी यथातथाच आहे. रिपोर्टात अडला की तो वहिनीला विचारतो, आणि ती सांगतेसुद्धा.

मला वाटलं होतं, आता ती वही मिटणार. दोन आठवडे ती आलीही नाही. माझ्याच डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. विमा कंपनीत असताना टाइप केलेली पत्रं आठवायची. आपल्या दाव्याबाबत खेद वाटतो की. कुणाचे दावे होते ते, कोण ती माणसं, मला एकही आठवत नव्हतं. वाक्यं मात्र सगळी आठवत होती.

मग ती एक दिवस चारला आली, वही घेऊन. मी म्हटलं, "अजून शिकायचंय?"

"का नाही? शब्दांनी माझं काय घोडं मारलंय," ती म्हणाली. "पण आता असं करू. तुम्ही एक वाक्य सांगायचं, मी त्यात कोण लपलंय ते सांगायचं."

तसं आम्ही शिकू लागलो. अवघड होतं. काही वाक्यांत माणूस सापडायला मलाही वेळ लागायचा.

शिडी पुन्हा आमच्या दारात आली ती चार महिन्यांनी. पट्टी निघाली होती. दोन बोटं सरळच राहिली होती, वळत नव्हती. तिला रफू करायच्या खोलीत बसवलं होतं आणि तिथे तिचा जीव रमत नव्हता. तिला परत मशीनवर जायचं होतं, त्यासाठी डॉक्टरांच्या समितीकडे इंग्रजीत अर्ज करावा लागत होता.

"ताई, तुम्ही लिहाल का?" तिने मला विचारलं.

वहिनी समोरच बसली होती. मी म्हणाले, "माझे डोळे हल्ली दगा देतात." तितके काही देत नव्हते.

शिडीने जरा वेळ विचार केला. मग खुर्ची ओढून वहिनीच्या शेजारी बसली. "लिहा," ती म्हणाली. "पण एकेक ओळ मला मराठीत सांगायची. मी हो म्हटल्यावरच पुढची."

अकरा ओळींच्या अर्जाला सव्वा तास लागला. वहिनीने 'काही प्रमाणात अडचण' असं लिहिलं तर शिडी म्हणाली, "नाही, दोन बोटं वळत नाहीत असं लिहा. पण पकड आहे, हेही लिहा." तिने टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्या हाताने उचलून दाखवला. वहिनीने तसं लिहिलं. दोघी एकमेकींशी अर्जाबाहेरचा एकही शब्द बोलल्या नाहीत. शेवटी शिडीने डाव्या हाताने सही केली, कारण उजव्याने पेन अजून नीट धरवत नव्हतं, आणि कागदावर फुंकर मारून तो पिशवीत ठेवला.

समितीने पाच आठवडे घेतले. रोलरच्या आत चादर सरकवायला परवानगी मिळाली नाही. पलीकडच्या बाजूने, जिथे चादर बाहेर पडते, तिथे ती झेलून घडी घालायचं काम मिळालं. म्हणजे सकाळच्या पाळीला अलीकडून वहिनी चादर देते आणि पलीकडे शिडी घेते. दिवसाला सहाशे चादरी.

परवा मी वहिनीला विचारलं, "बोलता का गं एकमेकींशी?"

ती शब्द लिहीत होती, मान वर न करता म्हणाली, "मशीनचा आवाज फार असतो, वन्सं." मग म्हणाली, "कोपरा दुमडलेला गेला तर ती हात वर करते. मी थांबवते."